खेड्यातली व्हॅन: चावी लावण्यापासून गाडी उभी करण्यापर्यंत

खेड्यात एका व्हॅनला दिवसभरात चार गाड्यांची कामे करावी लागतात. सकाळी शाळेची मुले, दुपारी बाजाराचा माल, लग्नसराईत वऱ्हाड आणि रात्री-अपरात्री एखादा आजारी माणूस ग्रामीण रुग्णालयात पोचवणे, हे सगळे तीच करते. मारुतीच्या ओम्नी व्हॅनचे उत्पादन २०१९ मध्ये थांबल्यापासून विदर्भातल्या गावांत या कामांना बहुतेक ठिकाणी त्याच कंपनीची ईकोच दिसते. गाडी कोणतीही असो, ती चालवणाऱ्याला एकाच व्हॅनची निरनिराळी रूपे सांभाळावी लागतात, कारण रिकामी व्हॅन आणि सहा-सात माणसे व कॅरियरवर सामान घेतलेली व्हॅन ब्रेकला, वळणाला आणि चढाला सारखी वागत नाही. ज्याने लहान कारवर परवाना काढला आणि आता घरची व्हॅन हाती घेतली आहे, अशा चालकाला समोर ठेवून पुढील क्रम सांगितला आहे.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. चालक नीट बसला आहे, त्याने पट्टा लावला आहे आणि टायरमध्ये ठरलेली हवा आहे असे धरूनच एअरबॅग, एबीएस (जोराच्या ब्रेकला चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा), सेन्सर या यंत्रणा बनवलेल्या असतात. या तीन गोष्टींपैकी एक जरी चुकली, तरी महागातली यंत्रणाही अर्धीच उपयोगी पडते.

चावी लावण्याआधी

गाडीभोवती एक फेरी मारावी आणि ती टायरपासून सुरू करावी. हवा किती भरायची हे चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेले असते. रिकाम्या गाडीसाठी आणि भरलेल्या गाडीसाठी आकडे वेगळे दिलेले असतील, तर मागच्या टायरांचा भरल्या गाडीचा आकडा विशेष लक्षात ठेवावा. हवा थंड टायरवर, म्हणजे गाडी चालवण्याआधी तपासावी. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा थोडी कमी ठेवण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे, आणि ती उलटी आहे. हवा कमी असली की टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतात, त्या वाकण्याने आतली उष्णता वाढत जाते आणि नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत तापलेल्या सिमेंटच्या रस्त्यावर सलग वेगाने धावताना टायर तिथेच दगा देतो. समृद्धी महामार्गावर जाणार असाल तर ही तपासणी टाळूच नये.

टायरची झीज पाहण्यासाठी खाचांच्या तळाशी असलेले लहान उंचवटे शोधावेत. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला, म्हणजे खाच सुमारे १.६ मिलिमीटर उरली, की तो बदलायचा. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात; २३२२ असेल तर तो २०२२ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. खेड्यातल्या गाड्या पुष्कळदा कमी धावतात, त्यामुळे खाचा शाबूत पण रबर उन्हाने तडकलेले असे टायर सर्रास आढळतात. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली असेल तर तिचीही हवा पाहावी. चिखलात माखलेली स्टेपनी वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही आणि लागते तेव्हाच ती बसलेली निघते.

अनेक व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली असते. सीट उचलून ऑईलची पट्टी काढावी, पुसून पुन्हा घालावी आणि मग पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का हे पाहावे. कूलंट आणि ब्रेक ऑईल यांच्या बाटल्यांवरही अशाच खुणा असतात. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

शेवटी सरकते दार. ते लागल्यासारखे दिसते, पण कुलुपाची दोन टप्प्यांची अडक पूर्ण बसलेली नसते, असे फार वेळा घडते. रुळात मुरूम किंवा सोयाबीनचा भुसा साचला की दार शेवटच्या इंचाला अडते आणि लहान मूल ते पूर्ण ओढू शकत नाही. म्हणून दार चालकाने किंवा एखाद्या मोठ्या माणसाने लावावे, बाहेरून एकदा ओढून पाहावे आणि मुले असतील तर दाराच्या कडेला असलेली चाइल्ड लॉकची कळ फिरवून ठेवावी, म्हणजे ते आतून उघडणार नाही. उतारावर गाडी उभी असताना उघडे ठेवलेले दार आपोआप सरकून बोटे चेंगरते, हेही मुलांना एकदा दाखवून द्यावे.

बसणे, पट्टा आणि एअरबॅग

सीट इतकी पुढे घ्यावी की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील. पाठ टेकलेली असताना हात सरळ केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आरामात पडले पाहिजे. छाती आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरापेक्षा थोडे अधिक अंतर राहू द्यावे. डोक्यामागची उशी मागच्या बाजूने धडक बसल्यावर मान वाचवण्यासाठी असते, तेव्हा तिची वरची कड डोक्याच्या माथ्याशी यावी. मानेच्या मागे आलेली उशी काही कामाची नाही. यानंतर तिन्ही आरसे लावावेत. बाजूच्या आरशात स्वतःच्या गाडीची कड जेमतेम दिसली पाहिजे; निम्मा आरसा आपल्याच दाराने भरला असेल तर शेजारचा रस्ता तेवढाच कमी दिसतो.

पट्ट्याचा खालचा भाग पोटावर न घेता कमरेच्या हाडांवर आणि वरचा भाग खांद्याच्या मध्यावरून छातीवर घ्यावा. गरोदर बाईला रुग्णालयात नेताना पट्टा वगळण्याची गरज नाही. खालची पट्टी पोटाच्या खालून घ्यावी एवढेच. मागच्या सीटचे पट्टे बहुतेक व्हॅनमध्ये कव्हरखाली दबलेले असतात. ते बाहेर काढून ठेवावेत, कारण मागच्या प्रवाशानेही पट्टा लावणे नियमाने आवश्यक आहे आणि धडकेच्या वेळी मागचा मोकळा माणूस पुढच्या सीटवर आदळून पुढच्यालाही जखमी करतो. पट्टा न लावल्यास मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार १००० रुपये दंड आहे. आवाज बंद करण्यासाठी बक्कलात नुसती पत्र्याची क्लिप अडकवणारे लोक त्या दंडापेक्षा फार मोठी जोखीम घेतात.

एअरबॅग पापणी लवण्याआधी फुगते. पट्टा नसलेला माणूस तोपर्यंत पुढे फेकला गेलेला असतो आणि फुगणाऱ्या पिशवीचा तडाखा त्यालाच बसतो. म्हणून पुढच्या सीटवर मांडीवर मूल घेऊन कोणालाही बसवू नये. नव्या मोटारींत चालकाची एअरबॅग, पुढच्या दोघांच्या पट्ट्याची सूचना, वेगाचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर १ जुलै २०१९ पासून बंधनकारक झाले. शेजारच्या प्रवाशाची एअरबॅग त्यानंतर, २०२१ मध्ये आली. ती डॅशबोर्डच्या डाव्या भागात, झाकणाखाली असते. आपल्याकडे नेमक्या त्याच झाकणावर गजानन महाराजांची मूर्ती किंवा अत्तराची बाटली चिकटवलेली असते. एअरबॅग उघडली की ती वस्तू सरळ शेजारच्याच्या तोंडावर येईल. मूर्ती डॅशबोर्डच्या मध्यावर, झाकण सोडून बसवावी. श्रद्धेत त्याने काही उणे येत नाही. समोर लोखंडी गार्ड बसवणेही टाळावे. धडकेचा जोर सेन्सरपर्यंत कसा पोचतो हे त्याने बदलते, शिवाय पायी चालणाऱ्याला त्याचा मार अधिक बसतो. असे गार्ड नियमात बसत नाहीत आणि त्यांवर कारवाई करावी, असे केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते.

दिवे वाचणे

चावी ‘ऑन’वर नेऊन लगेच सेल्फ मारू नये, दोन-तीन सेकंद थांबावे. डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे दिवे एकदम लागतात आणि एकेक करून विझतात, तो गाडीने स्वतःची घेतलेली तपासणी असते. ऑईल आणि बॅटरीचा दिवा इंजिन सुरू झाल्यावर विझतो. एअरबॅगचा दिवा काही सेकंदांनी विझलाच पाहिजे. तो लागून राहिला तर धडकेच्या वेळी एअरबॅग उघडेल याची खात्री धरता येत नाही. एखादा दिवा सुरुवातीला लागलाच नाही, तर तेही बिघाडाचेच लक्षण समजावे. जुनी गाडी विकताना खराब दिव्याचा बल्ब काढून टाकणारेही असतात, म्हणून ही तपासणी गाडी घेतानाच करावी.

चालू गाडीत ऑईलचा लाल दिवा लागला तर ‘पुढच्या फाट्यापर्यंत जाऊ’ असा विचार न करता कडेला घेऊन इंजिन लगेच बंद करावे, नाहीतर इंजिन जाम होते. तापमानाचा इशारा आला तरी तेच करावे. इंजिन सीटखाली असल्यामुळे बॉनेटमधून वाफ येण्याची ओळखीची खूण व्हॅनमध्ये नेहमी मिळत नाही, तेव्हा भर उन्हाळ्यात त्या काट्याकडे अधूनमधून नजर टाकण्याची सवय ठेवावी. ब्रेकचा लाल दिवा हॅन्डब्रेक सोडल्यावरही विझत नसेल तर ब्रेक ऑईल कमी झाले असण्याची शक्यता असते. अशा वेळी गाडी हलवू नये. एबीएसचा पिवळा दिवा एकटाच लागला असेल तर साधे ब्रेक चालतात, फक्त एबीएस मिळत नाही, म्हणून सावकाश गॅरेजपर्यंत जाता येते. ब्रेकचा लाल आणि एबीएसचा पिवळा असे दोन्ही एकदम लागले तर मात्र थांबावे.

क्लच आणि गियर

येथे फार सांगण्यासारखे नाही, कारण कारवर शिकलेले सगळे लागू पडते. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नये, आणि चढावर गाडी क्लचवर तोलून धरू नये. चढावर निघताना हॅन्डब्रेक ओढून ठेवावा, क्लच हळूहळू सोडत गाडीचा पुढचा भाग किंचित उचलला गेल्याचे जाणवले की रेस देऊन मगच हॅन्डब्रेक सोडावा. भरलेल्या व्हॅनला हा क्षण रिकाम्या व्हॅनपेक्षा उशिरा मिळतो. मागचा गियर गाडी पूर्ण थांबल्यावरच टाकावा.

ब्रेक

ब्रेक समजून घेण्यास वेळ द्यावा. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी दर सेकंदाला सुमारे २२ मीटर पुढे जाते. समोर काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो असे धरले, तर कोरड्या डांबरावर चांगल्या टायरांनीही गाडी थांबेपर्यंत पन्नास-साठ मीटर लागतात. ताशी ६० ला हेच अंतर पस्तीस-चाळीस मीटरवर येते. ओल्या रस्त्यावर आणि भरलेल्या गाडीला ते वाढते. वेगाचा इशारा ८० ला मधूनमधून आणि १२० ला सतत वाजतो. गावांमधल्या रस्त्यांवर तो पहिला आवाज ऐकू यावा अशी वेळच येऊ देऊ नये, कारण कपाशीची बंडी, रस्त्यावर वाळत घातलेले सोयाबीन आणि आडव्या येणाऱ्या शेळ्या वळणाच्या पलीकडेच असतात.

एबीएस असलेल्या गाडीत आणीबाणीला ब्रेक पूर्ण जोराने दाबून तसाच धरून ठेवायचा असतो. पायाखाली पॅडल थरथरते, ‘खर्र’ असा आवाज येतो आणि नेमक्या त्याच क्षणी नवखा चालक घाबरून पाय उचलतो. तो थरकाप म्हणजे बिघाड नव्हे. चाक जाम होऊ लागताच यंत्रणा त्या चाकाचा दाब सेकंदात अनेकदा सोडते आणि धरते, त्याची ती जाणीव असते. चाके फिरती राहिल्याने स्टिअरिंग लागू राहते, म्हणून ब्रेक दाबलेला असतानाच गाडी अडथळ्याच्या बाजूने काढता येते. एबीएसचा मुख्य फायदा हा आहे. ब्रेकचे अंतर प्रत्येक ठिकाणी कमी होते हा समज मात्र खोटा आहे. सुट्या गिट्टीवर किंवा मुरमावर एबीएसने अंतर उलट वाढू शकते, कारण जाम चाकापुढे जी गिट्टीची रास साचून गाडी अडवते ती फिरत्या चाकापुढे साचत नाही. पांदण रस्त्यावर किंवा काम चालू असलेल्या रस्त्यावर वेग आधीच उतरवणे हाच उपाय आहे. रिकाम्या मैदानात, मागेपुढे कोणी नसताना, ताशी ३० च्या वेगाने एकदोनदा जोराचा ब्रेक मारून हा थरकाप पायाला ओळखीचा करून घ्यावा.

जुन्या, एबीएस नसलेल्या व्हॅनमध्ये रीत वेगळी आहे. चाके जाम होऊन गाडी घसरू लागली की पाय क्षणभर सैल करावा, गाडी सरळ झाली की पुन्हा दाबावा. घरात जुनी आणि नवी अशा दोन गाड्या असतील तर आपण कोणत्या गाडीत बसलो आहोत याचे भान सुटू देऊ नये.

घाटात, उदाहरणार्थ परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना, ज्या गियरवर चढ चढावा लागतो त्याच गियरवर तो उतरावा. सतत ब्रेक दाबत उतरल्यास ब्रेक तापतात, पॅडल दाबूनही गाडी अडत नाही आणि जळकट वास येतो. तसा वास आला तर सुरक्षित जागी थांबून ब्रेक आपोआप थंड होऊ द्यावेत, त्यावर पाणी ओतू नये. पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून उतारावर गाडी सोडणे तर निव्वळ जिवाशी खेळ आहे. ब्रेकला मिळणारी मदत इंजिनाच्या निर्वातातून येते; इंजिन बंद झाले की एकदोनदा दाबल्यावर ती संपते आणि पॅडल दगडासारखे घट्ट होते. चावी बाहेर काढली तर स्टिअरिंगही कुलुपात अडकते.

वजन, वळण आणि चिखल

ईकोसारख्या व्हॅनमध्ये इंजिन मागची चाके फिरवते. रिकाम्या गाडीत मागे वजन कमी असल्याने काळ्या मातीच्या चिखलात ती चाके नुसती फिरतात आणि गाडी मागून आडवी होते. अशा वेळी रेस वाढवू नये. सारखी फिरणारी चाके खड्डा आणखी खोल करतात. दुसऱ्या गियरवर, अगदी हलक्या रेसने काढून पाहावे, चाकांखाली तुराट्या किंवा गिट्टी टाकावी आणि दोन माणसांना मागच्या सीटवर बसवावे. पहिल्या पावसानंतर डांबरावरही ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला काळ्या मातीचा पातळ थर असतो. तो दिसायला साधा आणि घसरायला फार वाईट असतो.

कॅरियरवर कपाशीची गाठोडी किंवा मंडपाचे सामान चढवले की गाडीचा भार उंचावर जातो. वळणात आधी वेग उतरवावा आणि मग स्टिअरिंग फिरवावे. वळणाच्या मध्ये ब्रेक मारू नये. शक्य तेवढे जड सामान खाली, मागच्या चाकांच्या पुढे ठेवावे आणि बांधावे. धडकेच्या वेळी सुटा गॅस सिलिंडर किंवा खताची गोणी माणसांवरच येते.

टायर फुटलाच तर स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवावी, रेस सोडावी आणि जोराचा ब्रेक न मारता वेग आपोआप कमी होऊ द्यावा. टायर बदलताना चाकाचे नट जॅक लावण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच सैल करावेत.

रपट्यावरचे पाणी

रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, वाहत्या पाण्यातून व्हॅन घालण्याचा प्रश्न चालकाच्या कौशल्याचा नाही. साधारण ३० सेंटिमीटर पाण्यातही लहान गाडी तरंगू लागू शकते आणि ६० सेंटिमीटर वाहते पाणी बहुतेक गाड्या ओढून नेते. पाण्याखाली रपटा शिल्लक आहे की खचला हे वरून कळत नाही, आणि गढूळ पाण्यात तर कडेचे दगडही दिसत नाहीत. पाणी उतरेपर्यंत अलीकडे थांबावे किंवा दुसऱ्या रस्त्याने जावे. साचलेल्या उथळ पाण्यातून गाडी काढल्यावर ब्रेक ओले झालेले असतात. हळू चालवत पॅडल दोन-चार वेळा हलके दाबून ते कोरडे करावेत आणि मगच वेग घ्यावा. जोराच्या पावसात स्टिअरिंग एकाएकी हलके वाटले तर टायर पाण्याच्या थरावर तरंगत आहेत असे समजावे. रेस सोडावी, स्टिअरिंग सरळ धरावे आणि ब्रेक मारू नये.

रात्र

समोरून गाडी येताच डिप्पर द्यावा आणि तिच्या दिव्यांकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेकडे पाहावे. रिफ्लेक्टर नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली नेमकी या अंधाऱ्या पट्ट्यात उभी असते. रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर आडवे आले तर ब्रेक सरळ रेषेत मारावा. त्याला चुकवण्यासाठी एकदम स्टिअरिंग ओढल्यास उंच गाडी उलटते किंवा झाडावर जाते. एक रोही गेला की मागून दुसरा येतोच असे धरून चालावे. चारही इंडिकेटर एकदम लावणे हे बंद पडलेल्या गाडीचे चिन्ह आहे. चौकातून सरळ जाताना ते लावले तर बाजूच्या रस्त्याने येणाऱ्याला एकाच बाजूचा इंडिकेटर दिसतो आणि तो वेगळाच अर्थ घेतो.

मागे घेणे आणि उभी करणे

मागचा सेन्सर भिंत आणि दुसरी गाडी चांगली ओळखतो. खाली बसलेले मूल, बारीक खुंट, नाली आणि कठडा नसलेली विहीर त्याला ओळखता येईलच असे नाही, कारण तो बंपरच्या उंचीवरून समोर जे आडवे येते त्याचाच प्रतिध्वनी ऐकतो. वाड्यात किंवा शाळेच्या आवारात गाडी मागे घेण्याआधी खाली उतरून एकदा मागे पाहावे. मागे उभे राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणणारा माणूस आरशात दिसेनासा झाला की लगेच थांबावे.

गाडी उभी करताना ब्रेक दाबून हॅन्डब्रेक पूर्ण ओढावा, मग इंजिन बंद करून चढावर पहिला आणि उतारावर मागचा गियर टाकावा. उतार मोठा असेल तर चाकाला दगड लावावा आणि निघताना तो रस्त्यात न टाकता उचलून कडेला ठेवावा. सीएनजीची व्हॅन असल्यास सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी दाबचाचणी चुकवू नये. वायूचा वास आला तर इंजिन बंद करून कोणतेही बटण न दाबता सर्वांना खाली उतरवावे, मग सिलिंडरची झडप बंद करावी. शाळेची फेरी संपल्यावर कुलूप लावण्याआधी मागच्या सीटपर्यंत स्वतः जाऊन पाहावे. झोपलेले लहान मूल आरशात दिसत नाही, आणि एप्रिल-मेच्या उन्हात बंद व्हॅन काही मिनिटांतच जीवघेणी तापते.